उंदराचा मधुमेह आतडं वळवून बरा होतो, मग मामांचा का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. तिचे मामा ६१ वर्षांचे, अंगाने सडपातळ, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३.५. मधुमेहाला १७ वर्षं झाली, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतात. एका सर्जननी त्यांना ‘इलियल इंटरपोझिशन’ सुचवलं आहे, म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा तुकडा कापून वरच्या भागात आणून जोडायचा. ‘हे उंदरांवर सिद्ध झालेलं आहे, वजनाशी त्याचा काही संबंध नाही, सडपातळ माणसालाही लागू पडतं,’ असं त्यांना सांगण्यात आलं. तिने विचारलं आहे की उंदरांवरचं हे संशोधन खरं आहे का, त्यावर किती भिस्त ठेवायची, आणि जाता जाता, तिला स्वतःच्या प्रबंधासाठी असं काही करता येईल का.

मी पोटाचा सर्जन आहे. पण माणसांची आतडी हातात घेण्याआधी चारेक वर्षं मी प्राण्यांच्या प्रयोगशाळेत रॅटच्या आतड्यांवर टाके घालत होतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मामांपुरतं सांगतो. उंदरांचं संशोधन खरं आहे, उत्तम आहे. पण त्यातल्या उंदराला तुमच्या मामांचा आजार नव्हता. नुसत्या उंदरांच्या आधारावर मी या मामांना टेबलावर घेणार नाही. का, ते समजायला मात्र उंदरांपर्यंत जावं लागेल.

एक खुलासाही आधीच करतो. मराठीत आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो. प्रयोगशाळेत रॅट वेगळा आणि माऊस वेगळा. रॅट पाव किलोच्या पुढचा, माऊस पंचवीस-तीस ग्रॅमचा. रॅटला पित्ताशय नसतं, माऊसला असतं. पुढे पित्ताचा विषय निघाला की हा फरक आठवा.

या गोष्टीची सुरुवात माणसांपासूनच झाली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावी वॉल्टर पोरीज नावाचे सर्जन लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास करत. जठराचा अंड्याएवढा कप्पा ठेवायचा आणि त्याला लहान आतडं खालून आणून जोडायचं. अन्न मग उरलेलं जठर आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याची पहिली वीतभर वळणदार नळी, यांना वळसा घालून थेट पुढे उतरतं. १९९५ मध्ये त्यांनी चौदा वर्षांचा हिशेब मांडला. मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली आणि तशीच राहिली. त्याहून चक्रावणारी गोष्ट वेगळी होती. ऑपरेशननंतर काही दिवसांतच, वजन धड उतरायच्या आधी, साखर खाली येत होती. इन्सुलिनवर आलेला पेशंट इन्सुलिनशिवाय घरी जायचा.

आता इथे कुठलाही डोकं शाबूत असलेला माणूस म्हणेल, अहो, ऑपरेशननंतर तो आठवडाभर खातोय काय? सलाईन आणि चमचाभर पाणी. उपासाने साखर उतरणारच. आषाढी एकादशीला खरोखरच निरंकार राहणाऱ्या मधुमेह्याला विचारा, गोळी घेऊन तसंच बसलं की दुपारपर्यंत घाम फुटतो. मग साखर उतरवली कोणी? आतड्याच्या नव्या वाटेने, की रिकाम्या पोटाने? की वजनाने, जरा उशिरा येऊन?

माणसांवर हे तीन धागे सोडवता येत नाहीत. निम्म्या पेशंटांचं पोट उघडून काहीही न करता शिवून टाकायचं आणि मग त्यांना दुसऱ्या पेशंटाने जितकं खाल्लं तितकंच मोजून द्यायचं, असं करायला कुठली समिती परवानगी देईल? रॅटवर ते करता येतं. या विषयात प्राणी का लागले, त्याचं कारण एवढंच.

फ्रान्चेस्को रुबिनो हा तरुण इटालियन सर्जन तेव्हा फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला, जाक मारेस्को यांच्या इर्काड संस्थेत काम करत होता. गंमत म्हणजे याच गावात १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, कुत्र्याला मधुमेह झाला आणि मधुमेहाचं घर स्वादुपिंडात आहे हे जगाला कळलं. तिथेच ११५ वर्षांनी रुबिनो म्हणाला की घर तिथे असेल, पण चोर आतड्यात असू शकतो.

त्याने प्राणी फार विचारपूर्वक निवडला. गोटो-काकिझाकी रॅट, आम्ही नुसतं ‘जीके’ म्हणतो. १९७० च्या दशकात जपानमधल्या सेंदाईला साध्या विस्टार रॅटपासून हा वाण काढला गेला. ग्लुकोज पाजून ज्यांची साखर जास्त चढते अशा नर-मादीची जोडी लावायची, त्यांच्या पिलांतून पुन्हा तसेच निवडायचे, असं पिढ्यानपिढ्या. शेतकरी बियाणं निवडतो तसंच, फक्त उलट्या दिशेने. त्यातून असा रॅट निघाला जो लठ्ठ अजिबात नाही, पण मधुमेही आहे. म्हणजे वजनाचा धागा सुरुवातीलाच कापून टाकला.

२००४ मध्ये त्याने या रॅटचं जठर जसंच्या तसं ठेवून फक्त ड्युओडेनम आणि त्यापुढचा थोडा भाग वळसा घालून बाजूला काढला. साखर सुधारली. तेवढंच अन्न मोजून दिलेल्या, ऑपरेशन न केलेल्या रॅटची त्या मानाने सुधारली नाही. २००६ मध्ये त्याने जे केलं ते मात्र मला आजही या विषयातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. एका गटात ड्युओडेनम बाजूला काढलं. दुसऱ्या गटात जठराला पुढचं आतडं तसंच जोडलं, पण ड्युओडेनमची वाट उघडीच ठेवली. म्हणजे अन्न खालच्या आतड्यात लवकर पोचण्याची सोय दोन्हीकडे आहे, फरक एवढाच की एकीकडे ड्युओडेनमला अन्न शिवतच नाही. पहिला गट सुधारला, दुसरा नाही. मग त्याने पुन्हा पोटं उघडली. दुसऱ्या गटाचं ड्युओडेनम बंद केलं, तर ते सुधारले. पहिल्या गटाची जुनी वाट पुन्हा उघडली, तर साखर परत बिघडली. दिव्याचं बटण दाबून पाहावं तसं, चालू, बंद, पुन्हा चालू. माणसावर हा प्रयोग सात जन्मांत शक्य नाही.

यात रॅटला काय सोसावं लागतं, तेही सांगतो, कारण त्याचा निकालाशी संबंध आहे.

तीनशे ग्रॅमचा रॅट गॅसची भूल देऊन उताणा ठेवलेला असतो, खाली गरम पॅड, कारण एवढ्याशा जिवाचं तापमान उघड्या पोटाने भराभर उतरतं. आतडं जाडसर शेवयाएवढं आणि ओल्या कागदासारखं. धागा सात-शून्य किंवा आठ-शून्य, केसाएवढा किंवा त्याहूनही बारीक, डोळ्याला दुर्बीण. एक टाका जवळ पडला तर वाट चिंबते, एक लांब पडला तर गळते. गळालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं. रॅट पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ वाकवून, केस पिंजारून बसतो आणि डोळ्यांभोवती तांबडं दिसायला लागतं. नवख्याला ते रक्त वाटतं. ते रक्त नाही, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो, ताणाखालचा रॅट तो पुसून काढत नाही. असा रॅट दिसला की वाट पाहायची नाही. त्याला वेदना न होता संपवायचं आणि वहीत लिहायचं. माझ्या पहिल्या वहीत ही पानं बरीच आहेत.

त्यातले काही तर टाके उत्तम असूनही गेले. कारण शोधायला दोन आठवडे लागले. पिंजऱ्यात खाली लाकडाचा भुसा होता, भुकेला रॅट तो खात होता आणि भुशाचा बोळा ताज्या जोडावर अडकत होता. जाळीचा तळ टाकला आणि प्रश्न मिटला. हे शोधनिबंधाच्या पद्धतीच्या परिच्छेदात अर्ध्या ओळीत येतं, पण कुठल्या प्रयोगशाळेचे आकडे विश्वासाचे, हे मी अशा अर्ध्या ओळींवरून ओळखतो.

तुम्ही निबंध वाचाल तेव्हा पहिल्यांदा ‘शॅम’ गट शोधा. म्हणजे ज्यांचं पोट उघडलं, आतडं कापलं आणि तिथल्या तिथे परत शिवलं. नुसती भूल आणि जखम यांनीही प्राणी कमी खातो, साखर हलते. दुसरं, ‘पेअर-फेड’ गट, म्हणजे ऑपरेशन झालेल्याने काल जितके ग्रॅम खाल्ले तितकेच आज याला. मी सुरुवातीच्या एका तुकडीत हा गट ठेवलाच नव्हता. आलेख इतके सुंदर आले होते की मी गाईडच्या टेबलावर ते पेढ्यासारखे ठेवले. त्यांनी एकच विचारलं, ‘खाल्लं किती?’ पुढच्या तुकडीत मोजून खायला घातलं आणि माझा अर्ध्याहून जास्त ‘परिणाम’ नुसत्या उपाशीपणाचा निघाला.

उपाशीपणावरून आणखी एक. रॅट रात्री खातो. आपण माणसासारखं ‘रात्रभर उपाशी ठेवून सकाळी रक्त’ केलं, तर त्याचं सगळं जेवणच काढून घेतलं. माऊसच्या बाबतीत तर एवढ्या उपासाने वजनच घसरतं आणि साखरेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. दिवसा पाच-सहा तास उपाशी ठेवणं जास्त शहाणपणाचं. आणि रॅट स्वतःची, शेजाऱ्याची लेंडी खातो. आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करायचा आणि ऑपरेशनवाला व शॅमवाला एकाच पिंजऱ्यात ठेवायचा, म्हणजे दोघांचे जिवाणू एकमेकांत मिसळणारच. अशा चुका नावाजलेल्या नियतकालिकांतही सापडतात.

असो. रुबिनोनंतर सगळे ‘तो पदार्थ’ शोधायला निघाले. ड्युओडेनममधून काहीतरी वाईट सुटतं जे इन्सुलिनला विरोध करतं, हा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणाला, नाही, खालच्या आतड्यात अन्न लवकर पोचलं की तिथून जीएलपी-१ सारखी, इन्सुलिनला चालना देणारी चांगली हार्मोन्स जास्त सुटतात, श्रेय त्यांचं. तुमच्या मामांना सुचवलेलं ऑपरेशन या दुसऱ्या पक्षाचं. रॅटमध्ये इलियमचा, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा तुकडा, रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत ठेवून, वर जेजुनमच्या, म्हणजे ड्युओडेनमनंतरच्या भागाच्या, सुरुवातीला आणून जोडला. काहीही वगळलं नाही, काहीही लहान केलं नाही, फक्त जागा बदलली. २००५ च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की जीएलपी-१ वाढतं आणि जीके रॅटची साखर सुधारते. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने, आपोआप मधुमेह होणाऱ्या त्यांच्या वाणाच्या रॅटवर, मधुमेह व्हायच्या आधीच हे ऑपरेशन केलं. मधुमेह सुरू व्हायला सुमारे १२० दिवस उशीर झाला. दोन-तीन वर्षं जगणाऱ्या प्राण्याला १२० दिवस म्हणजे पुष्कळ.

पण इथले दोन शब्द निसटू देऊ नका. ‘आधीच’ आणि ‘उशीर’.

मग आले माऊस, ज्यांच्यात हवं ते जनुक बंद करता येतं. सिनसिनाटीच्या गटाने २०१३ मध्ये जीएलपी-१ चा रिसेप्टरच, म्हणजे त्याचा इशारा ओळखणारं पेशीवरचं कुलूपच, नसलेले माऊस घेतले आणि त्यांच्यावर स्लीव्ह केली, म्हणजे जठराचा बहुतेक भाग काढून नळी ठेवली. जीएलपी-१ हाच नायक असेल तर या माऊसना काही फायदा व्हायला नको. झाला. वजनही उतरलं, साखरही सुधारली. बायपासबद्दलही दुसऱ्या प्रयोगांत वजनाच्या बाबतीत तेच दिसलं. आम्ही त्या वेळी चहाच्या टपरीवर या निबंधावर तासभर भांडलो होतो, कारण तोवर प्रत्येकाच्या भाषणात जीएलपी-१ ची एक स्लाइड असायचीच.

आणि मुळात स्लीव्हमध्ये ड्युओडेनमची वाट बदलतच नाही. तरी साखर सुधारते. म्हणजे पहिल्या पक्षाचंही घोडं अडलं.

२०१४ मध्ये त्याच गटाने एफएक्सआर हा पित्ताम्लांना ओळखणारा रिसेप्टर नसलेल्या माऊसवर स्लीव्ह केली. या वेळी मात्र फायदा टिकला नाही. उतरलेलं वजन परत चढलं, साखरेची सुधारणाही दिसली नाही. तेव्हा सगळा मोर्चा पित्ताकडे वळला. पुढच्या वर्षी व्हँडरबिल्टच्या लोकांनी जठराला हातही न लावता माऊसच्या पित्ताशयाचं तोंड थेट इलियमला जोडून दिलं आणि बायपाससारखाच फायदा दाखवला. हा प्रयोग रॅटवर तसाच करता येत नाही, कारण पित्ताशयच नाही.

मला या सगळ्या गर्दीत दोन कामं विशेष वाटतात, कारण ती हार्मोनच्या मागे न धावता आतड्यालाच एक अवयव म्हणून बघतात. बोस्टनला २०१३ मध्ये रॅटमध्ये दिसलं की बायपासनंतर अन्न ज्या फाट्यातून उतरतं तो फाटा जाड होतो, त्याच्या पेशी वाढतात आणि त्या वाढीसाठी ग्लुकोज जाळायला लागतात, इतकं की रक्तातली साखर ओढणारा तो एक मोठा अवयव बनतो. पूर्वी जी वाट होती ती आता भट्टी झाली. दुसरं काम फ्रान्समधल्या लीलचं, २०१६ चं, छोट्या जातीच्या डुकरांवरचं. डुकराचं जठर आणि आतडं माणसाच्या जवळचं, रॅटपेक्षा कितीतरी. त्यांना दिसलं की ज्या फाट्यात अन्न येतं पण पित्त येत नाही, तिथे ग्लुकोज नीट शोषलंच जात नाही. तिथे पित्त सोडलं की शोषण वाढतं. कारणही साधं सापडलं. ग्लुकोज शोषणारा एक पंप सोडियमशिवाय चालत नाही आणि सोडियम येतं पित्ताबरोबर. जेवणात मीठ मिसळलं तरी परिणाम दिसला. एवढ्या वर्षांच्या हार्मोनपुराणानंतर गोष्ट मिठावर येऊन ठेपली, याचं मला त्या दिवशी हसू आलं होतं.

तर उंदरांनी काय सांगितलं? आतडं मधुमेहात सामील आहे, हे निःसंशय. पण ‘हा एक गुन्हेगार’ म्हणून ज्याला ज्याला पकडलं, त्याला पुढच्या उंदराने जामिनावर सोडवलं. रॅट फार प्रामाणिक साक्षीदार असतो, पण विचारलं तेवढंच सांगतो. रुबिनोच्या रॅटला विचारलं होतं, ‘वजन न घटता, आहार न घटता, नुसत्या वाटेने साखर बदलते का?’ तो ‘हो’ म्हणाला. ‘१७ वर्षं जुना मधुमेह बरा होतो का?’ हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो दहा-बारा आठवड्यांचा होता.

आणि माणसांत काय झालं? रुबिनोचं ड्युओडेनम वळवण्याचं ऑपरेशन ब्राझीलसह काही देशांत कमी वजनाच्या पेशंटांवर करून पाहिलं गेलं. काहींना फायदा झाला, पण रॅटमधलं ते दिव्याचं बटण काही माणसात सापडलं नाही. ऑपरेशनऐवजी तोंडावाटे ड्युओडेनममध्ये प्लास्टिकची नळी बसवून अन्नाचा स्पर्श टाळायचाही प्रयत्न झाला. रॅटवर ती कल्पना छान चालली होती. अमेरिकेतली मोठी चाचणी २०१५ मध्ये थांबवावी लागली, काही पेशंटांच्या यकृतात गळू झाले म्हणून.

सगळ्यात विचार करायला लावणारा अभ्यास सेंट लुईसचा, २०२० चा. लठ्ठ मधुमेह्यांचे दोन छोटे गट, प्रत्येकी ११ जण. एकाचं बायपासने आणि दुसऱ्याचं नुसत्या आहाराने सारखंच, सुमारे १८ टक्के वजन उतरवलं आणि मग मोजलं. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, स्वादुपिंडाचं काम, दिवसभराची साखर, दोन्ही गटांत सारखीच सुधारली. म्हणजे माणसात वजनाचा धागा आपण समजत होतो त्यापेक्षा फार जाड आहे. (आहाराने १८ टक्के वजन उतरवून ते टिकवणारे किती, हा वेगळा प्रश्न. ऑपरेशनची खरी कमाई तिथेच आहे, असं माझं मत.)

याचा अर्थ ऑपरेशन निरुपयोगी असा काढू नका. लठ्ठ मधुमेह्यासाठी ते औषधांपेक्षा सरस आहे, याला माणसांवरचाच भक्कम पुरावा आहे. क्लीव्हलँडच्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६ किंवा त्याखाली ठेवू शकलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के, नुसत्या औषधांवर ५ टक्के. रोमच्या चाचणीत दहा वर्षांनी ऑपरेशनवाल्यांपैकी ३७.५ टक्के जणांचा मधुमेह गेलेला होता, औषधवाल्यांत ५.५ टक्के. पण हे आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचा. ऑपरेशन होऊनही दहा वर्षांनी बहुतेकांचा मधुमेह होताच, भले सौम्य असेल. कुणी ‘कायमचा बरा’ म्हटलं की मी कान टवकारतो.

आता मामा.

सडपातळ मधुमेही ही आपल्याकडची खास जात आहे, हे मी नाकारत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये एकत्र छापलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीवाले. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयची रेघ खाली ओढली आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आपल्यासाठी २७.५ च्या पुढे ऑपरेशन द्यावं असं आहे. पुण्यातल्याच सर्जननी २०१० मध्ये ३५ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या १५ भारतीयांवरच्या बायपासचे निकाल छापले होते आणि ते चांगले होते. त्यामुळे ‘बारीक माणसाला चालत नाही’ असं सरसकट म्हणणंही चूक.

मग मामांचं अडतं कुठे? वजनापेक्षा स्वादुपिंडाशी. आतडं वळवून तुम्ही इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरचा बोजा हलका करता, त्यांना जास्त इशारे देता. पण पेशीच संपल्या असतील तर इशारा कोणाला देणार? विहीर आटलेली असताना नवा पंप बसवण्यासारखं आहे ते. जीके रॅटच्या या पेशी जन्मापासून कमी असतात हे खरं, पण त्या कोवळ्या वयात बऱ्याचशा कामाच्या असतात. १७ वर्षं मधुमेह आणि चार वेळा इन्सुलिन, ही दोन्ही लक्षणं विहीर आटत आल्याची असू शकतात. टोरांटोच्या एका गटाने इन्सुलिन जवळजवळ नसलेल्या रॅटचीही साखर ड्युओडेनम वळवून दोन दिवसांत उतरवून दाखवली आहे, २०१२ मध्ये. कोणी तो निबंध तुमच्यापुढे ठेवेल. चांगला आहे. पण दोन दिवसांचा आहे, आणि मामांना पुढची वीस वर्षं काढायची आहेत.

विहिरीचं पाणी मोजता येतं. सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी आहे, उपाशीपोटी आणि जेवणानंतर करायची, त्याच रक्तात साखरही. सोबत जीएडी अँटिबॉडी करून घ्या, शरीर स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशींवर उलटलंय का ते त्यातून कळतं. सडपातळ माणूस, वर्षानुवर्षं इन्सुलिनवर, तर तो टाइप-२ आहे हेच कोणी कधी तपासलं नसण्याची शक्यता असते. मोठ्या वयात हळूहळू येणारा टाइप-१ निघाला तर हा सगळा विषयच संपला. तैवानच्या सर्जननी एबीसीडी नावाचा दहा गुणांचा हिशेब काढला आहे, वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि मधुमेहाची वर्षं एवढ्यावर. मामांना चारपैकी तीन रकान्यांत तर न तपासताच फार गुण मिळणार नाहीत.

आणि सुचवलेलं ऑपरेशनच. बायपास, स्लीव्ह यांच्यामागे लाखो माणसांचा अनुभव आहे. इलियल इंटरपोझिशन भारतात आणि ब्राझीलमध्ये केलं गेलं आहे, करणारे कुशलही आहेत. पण २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मान्य केलेल्या चार ऑपरेशनांत ते नाही, अजून प्रायोगिक गणलं जातं. त्यात आतड्याचे तीन जोड असतात. बायपासमध्ये दोन, स्लीव्हमध्ये एकही नाही. प्रत्येक जोड ही गळण्याची एक जागा. रॅटमध्ये गळालं तर मी वहीत एक ओळ लिहीत होतो.

सर्जनना विचाराल तर एवढंच विचारा : बीएमआय २५ च्या खाली, पंधरा वर्षांहून जुना मधुमेह आणि इन्सुलिनवर असलेले किती पेशंट तुम्ही केलेत, त्यांतले पाच वर्षांनी किती इन्सुलिनशिवाय आहेत आणि किती जण तुमच्याकडे परत आलेच नाहीत? तिसरा आकडा सांगताना माणूस किती वेळ थांबतो, तेही बघा.

इन्सुलिन चार वेळा टोचूनही साखर हलत असेल, तर ऑपरेशनआधी करण्यासारखं बरंच आहे. टोचायच्या जागेवर गाठी झाल्यात का, सुई बदलतात का, कधी खातात आणि कधी टोचतात. माझ्याकडे ऑपरेशनसाठी आलेल्या एका काकांच्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी होत्या, तिथे टोचलं की दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथेच टोचायचे. जागा बदलली, डोस कमी करावा लागला, आणि ऑपरेशनचा विषय निघालाच नाही.

शेवटी तुमच्या प्रबंधाचं. भारतात प्राण्यांवर काही करायचं तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी आधी लागते. तिथे पहिला प्रश्न असतो की हे प्राण्याशिवाय होणार नाही का, आणि दुसरा, एवढेच प्राणी का, कमी का नाहीत. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात रॅटवर बायपास शिकून, शॅम आणि पेअर-फेड गट सांभाळून काम संपवणं मला अवघड वाटतं. पहिल्या बॅचचे बरेच रॅट हात बसण्यातच जातात आणि त्या जिवांचा हिशेब द्यावा लागतो. त्यापेक्षा कोणाच्या चालू प्रयोगातल्या साठवलेल्या आतड्याच्या किंवा रक्ताच्या नमुन्यांवर काम मिळतंय का पाहा. तरीही हात शिवशिवत असेल तर कोंबडीवाल्याकडून आतडी आणा, धुवा, मिठाच्या पाण्यात ठेवा आणि टोकाला टोक जोडायला शिका. मग एका बाजूने निळी शाई घातलेलं पाणी सिरिंजने सोडा आणि खाली पांढरा कागद ठेवा. मी हे महिनाभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं होतं, आई तोवर ओट्याला हात लावायची नाही. सलग दहा जोडांखालचा कागद कोरा राहिला, तेव्हाच गाईडनी मला पहिला रॅट दिला.